संगणक उघडताच कोण कोण जागे होते?

घरात संगणक एक आणि वापरणारे पाच, अशी स्थिती आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी असेल. आमच्याकडेही ती तशीच आहे. २०२१ सालच्या अखेरीस थोडी काटकसर करून आम्ही हे यंत्र घेतले व ओसरीलगतच्या खोलीत, खिडकीपाशी, त्याला जागा दिली. तेव्हापासून ते सर्वांचे झाले. आमच्या सौभाग्यवती त्यावर महिला बचत गटाचे हिशेब व पत्रे लिहितात. नर्सिंगचे शिक्षण घेणारी कन्या सुट्टीत घरी आली की त्यावर आपले टाचण करते. पंधरा वर्षांचे चिरंजीव त्यावर अभ्यास करतात, असे ते स्वतः सांगतात. आम्ही हे सदर लिहितो. आणि आमच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या मातोश्री दर रविवारी रात्री आठ वाजता त्याच्यासमोर बसून कुवेतला नोकरीस असलेल्या आमच्या धाकट्या बंधूचे मुख पाहतात. मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर त्यांना आता नीट दिसत नाही. तिकडे तेव्हा सायंकाळचे साडेपाच झालेले असतात आणि बंधू कामावरून नुकताच परतलेला असतो.

गेल्या वर्षी ह्या यंत्राला एक व्याधी जडली. सौभाग्यवती बटण दाबून स्वयंपाकघरात जात, भाताचे आधण ठेवत, तांदूळ वैरून परत येत, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. एके दिवशी आम्ही घड्याळ लावून पाहिले. बटण दाबल्यापासून यंत्र कामास योग्य होईपर्यंत साडेसहा मिनिटे गेली.

दोष कोणाचा, हे घरात आधीच ठरून गेले होते. "खेळ भरून ठेवलेस, म्हणून हे असे झाले," असे चिरंजीवांस सर्वांनी ऐकवले, आणि त्यात आमचा आवाज सर्वांत मोठा होता, हे येथे कबूल केले पाहिजे. तो एवढेच म्हणाला, "बाबा, मी खेळ उघडलेलेच नसतात. न उघडलेला खेळ यंत्राला कसा अडवील?" आम्हांस ते उलट उत्तर वाटले व आम्ही त्याला गप्प बसविले. त्याच्या प्रश्नातच रोगाचे निदान होते, हे आम्हांस बऱ्याच उशिरा समजले.

संगणक सुरू होतो तो पायरीपायरीने. प्रथम यंत्र आपले अवयव तपासते. मग विंडोज ही मूळ व्यवस्था जागी होते. मग वापरणारा आपले खाते उघडतो. बहुतेकांची समजूत अशी, की येथे काम संपले. परंतु ह्यानंतर आणखी एक पायरी असते. कोणी न उघडता काही प्रोग्रॅम आपण होऊन उठतात व पडद्याच्या कोपऱ्यात किंवा पडद्याआड कामास लागतात.

ही प्रथा जुनी आहे. डॉसच्या काळी ऑटोएक्झेक डॉट बॅट नावाची एक लहानशी फाइल असे. मालक तीत ओळी लिही आणि यंत्र प्रत्येक वेळी उठताना त्या क्रमाने वाचून अमलात आणी. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये 'स्टार्टअप' नावाचा एक गट होता. त्यात जे ठेवावे ते आपोआप सुरू होई. १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून रजिस्ट्री नावाच्या आतल्या नोंदवहीतही अशा नावांसाठी जागा झाली. सामान्य माणूस ती वही उघडीत नाही. नवा प्रोग्रॅम बसविताना आपण घाईने 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबीत जातो आणि तो प्रोग्रॅम आपले नाव तेथे लिहून मोकळा होतो. वर्षभरात अशी दहा-पंधरा नावे सहज जमतात.

आता ह्याने उशीर का व्हावा? आमच्या यंत्रात माहिती साठविण्याची चकती फिरती आहे. तिच्यावरून वाचणारा काटा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. विहिरीवर रहाट एकच असावा आणि चौदा बायका एकदम घागरी घेऊन याव्यात, तशी तेथे अवस्था होते. पाणी तेवढेच, पण प्रत्येकीचा खोळंबा. भरीस आमच्या यंत्राची स्मृती केवळ ४ गिगाबाइट. आधी उठलेल्यांनी ती अडविली, की पुढच्यास जागा करून देण्यासाठी यंत्र स्मृतीतला मजकूर त्याच चकतीवर नेऊन ठेवते व पुन्हा आणते. ज्यांच्या यंत्रात फिरत्या चकतीऐवजी एसएसडी आहे, त्यांचा खोळंबा पुष्कळच कमी होतो. तथापि स्मृती त्यांचीही अडतेच.

ही यादी पाहणे मात्र कठीण नाही. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ११ मध्ये त्याच्या डाव्या बाजूस 'स्टार्टअप ॲप्स' हा विभाग आहे. सेटिंग्जमधील 'ॲप्स' ह्या भागातही 'स्टार्टअप' म्हणून अशीच यादी मिळते. तीत प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव, त्याचा कर्ता, तो आपोआप उठतो की नाही, आणि त्याच्या उठण्याचा भार किती, हे लिहिलेले असते. भाराचे मापही ठरलेले आहे. प्रोग्रॅमने उठताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ घेतला, अथवा चकतीवर ३ मेगाबाइटहून अधिक वाचन-लेखन केले, तर त्यापुढे 'हाय' असे लिहितात. ०.३ सेकंदाहून कमी वेळ व ३०० किलोबाइटहून कमी वाचन-लेखन असेल तर 'लो'. मधल्यास 'मीडियम' म्हणतात. त्याच पानावर 'लास्ट बायोस टाइम' अशी एक संख्या असते. विंडोज जागी होण्यापूर्वी यंत्राने स्वतःसाठी किती सेकंद घेतले, ते ती सांगते. तेवढ्याचा दोष प्रोग्रॅमांवर घालू नये.

एका शनिवारी सायंकाळी आम्ही ही यादी प्रथम पाहिली. चौदा नावे निघाली. त्यांत चिरंजीवांच्या खेळांचे दुकान हे एक होते. जो छापण्याचा यंत्रविशेष आम्ही दोन वर्षांपूर्वी मोडीत घातला, त्याचा मदतनीस रोज इमानाने उठत होता. पूर्वीच्या मोबाइलवरील छायाचित्रे उतरवून घेण्यासाठी आम्ही बसविलेला प्रोग्रॅम मोबाइल गेल्यावरही उठत होता. वर्ग भरविण्याचे दोन प्रोग्रॅम, गाण्यांचा एक, निरनिराळ्या प्रोग्रॅमांच्या नव्या आवृत्त्या आल्या का, हे पाहणारे तीन. चौदांपैकी सात आम्हीच आणलेले होते. ज्या मुलास आम्ही बोल लावला, त्याचे एक.

येथे थांबून विचार करावयास हवा होता. आम्ही तसे केले नाही. यादी हाती आल्याच्या आनंदात एकेका नावावर उजवी कळ दाबून 'डिसेबल' म्हणत गेलो आणि चौदाच्या चौदा बंद केले. मग यंत्र पुन्हा सुरू केले. सव्वादोन मिनिटे! सर्वांस बोलावून घड्याळ दाखविले व त्या रात्री समाधानाने झोपलो.

रविवारी मिस्साहून आल्यावर सौभाग्यवती बचत गटाचे पत्र लिहावयास बसल्या. अक्षरे मराठीत उमटेनात. मराठी टंकलेखनाचा जो लहानसा प्रोग्रॅम त्या वापरतात, तो आपोआप उठणाऱ्यांपैकीच होता. आम्ही त्यालाही निजविले होते. सोमवारी कन्येचा वसतिगृहातून फोन आला, की शनिवारी सकाळी घरून निघण्यापूर्वी तिने जे लिखाण पुरे केले, त्याची जुनीच प्रत तिला तेथे दिसत आहे. घरच्या फाइली आंतरजालावरील साठ्याशी जुळवून घेणारा प्रोग्रॅम आम्ही बंद केला होता. सकाळी इंटरनेट बंद असल्यामुळे तिचे काम तोपर्यंत वर चढले नव्हते. यंत्रात मूळ प्रत सुरक्षित होती म्हणून निभावले. ह्या दोन्ही गोष्टी निस्तरता आल्या.

ह्या दोहोंच्या मध्ये जे घडले, ते तसे निस्तरण्यासारखे नव्हते. रविवारी रात्री आठ वाजता मातोश्री नेहमीप्रमाणे घडीचे लुगडे नेसून यंत्रासमोर बसल्या. घंटा वाजली की हिरवी खूण दाबावयाची, एवढे त्यांना पाठ आहे. त्यापलीकडचे काही त्यांना येत नाही, व येण्याची आवश्यकताही कधी पडली नव्हती. आम्ही शेजारी एका आजाऱ्यास पाहावयास गेलो होतो. सौभाग्यवती व चिरंजीवही घरी नव्हते. बोलण्याचा तो प्रोग्रॅम यंत्र उघडताच उठे व बंधूच्या हाकेची वाट पाहत राही, म्हणूनच घंटा वाजत असे. त्या दिवशी तो निजलेला होता. बंधूने तिकडून तीन वेळा हाक दिली. इकडे आवाज नाही. आम्ही पावणेनऊ वाजता परतलो, तेव्हा मातोश्री हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत तशाच बसल्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. "आज त्याला काम असेल," इतकेच म्हणाल्या. रात्री उशिरा आमच्या मोबाइलवर बंधूचा फोन आला. त्याचे पहिले वाक्य होते, "दादा, आईला बरे नाही का?"

आम्ही चार मिनिटे वाचविली होती, आणि त्यासाठी एका घरातील दोन माणसांना, समुद्राच्या दोन बाजूंना, काळजीत बसविले होते.

त्या रात्री आम्हांस जो फरक कळला, तोच वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे सर्व लिहीत आहोत. आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमांत दोन जाती असतात. एक जात अशी, की आपण हाताने उघडू तेव्हाच तिचा उपयोग. गाण्यांचा, खेळांच्या दुकानाचा, वर्ग भरविण्याचा प्रोग्रॅम ह्या जातीचे. त्यांनी आधी उठून बसण्याचे कारण नाही. हवे तेव्हा उघडावे, अर्धे मिनिट अधिक लागले तर लागो. दुसरी जात कशाची तरी वाट पाहणाऱ्यांची. हाकेची वाट पाहणारा, फाइल बदलण्याची वाट पाहणारा, कळा दाबल्या जाण्याची वाट पाहणारा, घातक प्रोग्रॅमावर नजर ठेवणारा. हे उठलेले नसतील तर त्यांचे काम होतच नाही, आणि ते झाले नाही हे कळण्यासही मार्ग राहत नाही. भाराचा रकाना हा फरक दाखवीत नाही. आमच्या यादीत फाइली जुळविणाऱ्यापुढे 'हाय' लिहिले होते आणि मोडीत काढलेल्या यंत्राच्या मदतनिसापुढे 'लो'. भार किती, हे यंत्र सांगते. गरज कोणाला, हे घरातील माणसांनाच विचारावे लागते.

म्हणून पुढच्या रविवारी दुपारी आम्ही सर्वांना यंत्राभोवती बसविले. कन्या फोनवर होती. चिरंजीवांनी यादीतील एकेक नाव मोठ्याने वाचले व विचारले, "हे कोणाचे?" चार नावांवर कोणीच हक्क सांगितला नाही. त्यांपैकी छापण्याच्या यंत्राचा मदतनीस व जुन्या मोबाइलचा प्रोग्रॅम हे केवळ बंद न करता सेटिंग्जमधील 'इन्स्टॉल्ड ॲप्स' ह्या यादीतून समूळ काढून टाकले. पाच नावे हाताने उघडण्याजोगी ठरली. ती त्या त्या मालकाच्या संमतीने बंद केली. चार नावे वाट पाहणारी होती; ती राहिली. एक नाव कोणालाच उमगेना. अशा नावावर उजवी कळ दाबली, की 'ओपन फाइल लोकेशन' व 'सर्च ऑनलाइन' असे दोन पर्याय मिळतात. प्रोग्रॅम कोठे राहतो व तो कशासाठी आहे, हे त्यावरून कळते. आमचे ते नाव ध्वनियंत्रणेचे निघाले. त्यास हात लावला नाही. नाव संशयास्पद वाटले व कर्त्याचा रकाना रिकामा असला, तर नुसते बंद करून स्वस्थ बसू नये. विंडोज सिक्युरिटीकडून संपूर्ण यंत्राची तपासणी करून घ्यावी. 'डिसेबल' ह्याचा अर्थ एवढाच, की तो आपोआप उठणार नाही. तो यंत्रात असतोच.

परंतु मूळ चूक ह्याहूनही आधीची होती, ती चिरंजीवांनीच दाखविली. पाचही जण एकाच खात्यातून यंत्र वापरीत होतो. त्यामुळे मातोश्रींनी यंत्र उघडले तरी खेळांचे दुकान उठे, आणि मुलाने उघडले तरी बचत गटाचा टंकलेखक. विंडोजमध्ये प्रत्येकास वेगळे खाते देता येते. सेटिंग्जमधील 'अकाउंट्स' ह्या विभागात ती सोय आहे. काही प्रोग्रॅम एका खात्यापुरते उठतात, तर काही सर्व खात्यांत उठतात. पहिल्या प्रकारचा प्रोग्रॅम आपल्या खात्यात बंद केला तर तो आपल्यापुरता बंद होतो. दुसऱ्या प्रकारचा बंद केला तर सर्वांसाठी बंद होतो, आणि म्हणून त्यास यंत्राच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. तो अधिकार घरात एकाकडे असावा. आणि ज्याच्याकडे असेल त्याने आमच्यासारखी घाई करू नये.

वेगळ्या खात्यांबरोबर एक नवे पथ्य येते. आपले काम संपल्यावर 'साइन आउट' करावे. 'स्विच यूझर' करून नुसते दुसऱ्याच्या स्वाधीन केले, तर आपले सर्व प्रोग्रॅम आत तसेच जागे राहतात, आणि पुढे बसणाऱ्यास वाटते की यंत्र पुन्हा आजारले. टास्क मॅनेजरमध्ये 'यूझर्स' हा विभाग आहे. कोणाच्या खात्याने किती स्मृती धरून ठेवली आहे, ते तेथे दिसते. ४ गिगाबाइटच्या यंत्रावर दोन माणसे अशी एकदम नांदू शकत नाहीत.

आणखी दोन बारीक गोष्टी. सेटिंग्जमधील 'अकाउंट्स'च्या आत 'साइन-इन ऑप्शन्स' म्हणून पान आहे. मागील वेळी उघडे राहिलेले काही प्रोग्रॅम पुन्हा उघडावेत का, असा एक खटका त्यावर असतो. तो चालू असला, तर स्टार्टअपच्या यादीत नसलेले प्रोग्रॅमही आपोआप पुढे येतात. दुसरे असे, की २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असता 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा चकतीवर साठवून ठेवला जातो व पुढील वेळी तेथूनच उचलला जातो. 'रीस्टार्ट'ने मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून बदल केल्यावर एकदा 'रीस्टार्ट' करावे, आणि वेळ मोजावयाची तर आधी व नंतर एकाच रीतीने मोजावी.

एका दिवशी एक-दोन नावेच बंद करावीत व आठवडाभर पाहावे. काही बिघडले तर कोणामुळे बिघडले हे कळते, आणि त्याच जागी 'एनेबल' म्हणून ते पूर्ववत करता येते. काही प्रोग्रॅम नवी आवृत्ती बसताना आपले नाव पुन्हा यादीत घालतात. यास्तव तीन-चार महिन्यांनी यादी पुन्हा पाहावी.

आमच्या यंत्राशेजारी भिंतीवर आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर तीन रकाने आहेत : प्रोग्रॅमचे नाव, तो कोणाचा, आणि कोणत्या तारखेस कोणी बंद केला. अक्षर चिरंजीवांचे आहे. बाबांनी आपणास विनाकारण बोल लावला, हे त्याने एकदाही बोलून दाखविले नाही. आम्ही मात्र सर्वांसमोर त्याची चूक नव्हती असे सांगितले, आणि ते सांगावयास आम्हांस जितके जड जाईल असे वाटले होते तितके गेले नाही.

यंत्र हल्ली पावणेतीन मिनिटांत कामास लागते. त्या शनिवारच्या पराक्रमापेक्षा अर्धे मिनिट अधिक. मातोश्रींच्या खात्यात बोलण्याचा प्रोग्रॅम तेवढा आपोआप उठतो. आपल्या चित्रावर बाण नेऊन चार आकडे दाबावयास त्या नातवाकडून शिकल्या आहेत. यंत्र पूर्वीपेक्षा लवकर उघडते, हे त्यांच्या ध्यानात आलेले नाही. रविवारी आठ वाजता घंटा वाजते, हे मात्र त्यांनी दोनदा बोलून दाखविले.